कोकणात राहून फ्रीस्टाइल स्लॅलमच्या पहिल्या स्पर्धेत कसं उतरायचं

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, मालवण, इकडची बरीच मुलं, आणि मुलंच कशाला, नोकरी करणारी पंचविशी-तिशीतली माणसंसुद्धा आता इनलाइन स्केट्स घ्यायला लागलीयत. मोबाईलवर कोणीतरी कोनमधून सुळसुळत जाताना दिसतं, मग ऑनलाइन कोन मागवले जातात, आणि पुढे वर्षभर तेच अंगण नि त्याच दोन ट्रिक. स्पर्धेचं नाव काढलं की म्हणतात ते पुण्यामुंबईवाल्यांचं काम, आपल्याकडे रिंक कुठाय. रिंक नाहीये हे खरं. पण स्लॅलमला, म्हणजे ओळीत मांडलेल्या कोनमधून स्केट्सवर वळत जाण्याच्या या खेळाला, जागा फार लागत नाही, सपाट आणि गुळगुळीत लागते, आणि तेवढी इथे मिळते. माझं ठाम मत असं की पहिल्या स्पर्धेला आधी स्पीड स्लॅलममध्ये (वेळेची शर्यत) नाव द्यावं, आणि क्लासिकमध्ये (संगीतावरचे ट्रिक) उतरलात तर मोजक्याच ट्रिक घ्याव्यात, पण त्या झोपेतून उठवलं तरी कोन न पाडता करता येतील अशा. असं का म्हणतो ते पुढे येतंच.

आधी खेळ समजून घ्या

कोन म्हणजे रस्त्यावरचे मोठे कोन नाहीत, उपड्या कपाएवढे असतात, साडेसात-आठ सेंटिमीटर उंच. मोठ्या स्पर्धेत तीन रेषा मांडतात: ८० सेंटिमीटर अंतराने २० कोन, ५० सेंटिमीटर अंतराने २० कोन, आणि १२० सेंटिमीटर अंतराने १४ कोन. आंतरराष्ट्रीय नियम वर्ल्ड स्केट या जागतिक संघटनेचे, आणि भारतात हा खेळ रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाकडे आहे, सगळे आरएसएफआयच म्हणतात.

स्पीड स्लॅलम म्हणजे ८० च्या रेषेतले वीसच्या वीस कोन एका पायावर, जमेल तेवढ्या वेगात. पहिल्या कोनच्या १२ मीटर आधी स्टार्ट लाइन, तेवढ्यात वेग घ्यायचा आणि पहिला कोन यायच्या आत एक पाय उचलायचा, तो शेवटचा कोन होईपर्यंत खाली टेकवायचा नाही. कोन पाडला किंवा चुकवला की प्रत्येकी ०.२ सेकंद वाढतात, आणि चारपेक्षा जास्त झाले तर तो रनच, म्हणजे ती फेरीच, बाद. जगातले वरचे खेळाडू हे सगळं पाच सेकंदांच्या आत संपवतात. आधी वेळेवर क्वालिफाय व्हायचं आणि मग दोघंदोघं शेजारच्या लेनमध्ये समोरासमोर.

क्लासिक म्हणजे संगीतावर बसवलेला रन, सिनियरला साधारण पावणेदोन ते दोन मिनिटांचा, तिन्ही रेषा वापरून. इथे जज असतात, ट्रिकची अवघडता, वैविध्य, सफाई, संगीताशी मेळ सगळं बघतात. बॅटलमध्ये तीन-चार जणांचा गट, आळीपाळीने ३०-३० सेकंदांचे रन, आणि त्यातले दोघं पुढे. पेअर स्लॅलम दोघांनी जोडीने करायचा. हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये, २०२३ ला झाल्या त्या, स्पीड आणि पेअर हे दोन्ही प्रकार होते आणि पुण्याची श्रेयसी जोशी आणि जिनेश नानल तिथे भारताकडून पेअरमध्ये खेळले. म्हणजे ही काही लहान मुलांची उन्हाळी शिबिरातली गंमत नाही, आपल्या राज्यातून तिथपर्यंत रस्ता आहे.

स्पीडमध्ये आधी उतरा म्हणतो त्याचं कारण साधं आहे, तिथे घड्याळ निर्णय देतं. गावात कोच नाही, जजच्या नजरेने बघणारं कोणी नाही, मग आपली क्लासिकची सफाई कितपत आहे हे आपल्याला कळणार कसं? पण वीस कोनची वेळ मोबाईलवर घेता येते, पडलेले कोन मोजता येतात, मागच्या आठवड्याशी ताडून बघता येतं. शिवाय एका पायावरचा ताबा आला की क्लासिकच्या निम्म्या ट्रिकचा पाया आपोआप तयार होतो.

स्केट्स

जिल्ह्याच्या ठिकाणी दुकानात मिळतात ती एक तर क्वाड (दोन पुढे-दोन मागे अशा चाकांची), नाहीतर मऊ बुटाची फिटनेस स्केट्स, किंवा स्पीड रेसिंगची मोठ्या चाकांची आणि घोट्याखाली संपणाऱ्या बुटाची. तिन्ही या कामाची नाहीत. रेसिंगच्या स्केटची फ्रेम लांब असते, ८० सेंटिमीटरमध्ये वळायला जागाच उरत नाही, आणि घोट्याला आधार नाही. स्लॅलमला कडक बूट, घोट्यावर घट्ट कफ, आणि आखूड फ्रेम लागते, पायाच्या मापाप्रमाणे २१९, २३१ किंवा २४३ मिलिमीटरची. सेबा, एफआर, पॉवरस्लाइड, फ्लाइंग ईगल, रोलरब्लेड या कंपन्यांची मॉडेलं लोक वापरतात. जमलं तर मुंबई-पुण्याला जाल तेव्हा पायात घालून बघा, कारण बूट बोटभर मोठा असला तरी टाच आत हलते आणि एका पायावर सगळा तोल जातो. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत, हे माप.

दुसरी गोष्ट रॉकर. चारही चाकं सारखी असली तर स्केट सरळ पळतं पण वळायला जड जातं, म्हणून पुढचं आणि मागचं चाक लहान ठेवतात, उदाहरणार्थ ७६-८०-८०-७६. मग एका वेळी मधल्या दोनच चाकांवर वजन येतं आणि स्केट जागच्या जागी फिरतं. नवीन चाकं घ्यायची नसतील तर झिजलेली चाकं पुढे-मागे टाका नि बरी असलेली मध्ये, बऱ्यापैकी तेच काम होतं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस रॉकरवर पुढे-मागे झुलल्यासारखं होतं, घाबरू नका, सवय होते. चाकांचा कडकपणा ८४ए-८५ए च्या आसपास घ्या (आकडा मोठा तितकं चाक कडक), हॉलच्या लादीवर घसरत असेल तर थोडी मऊ. टाचेचा ब्रेक काढून टाकावा लागतो, मागच्या ट्रिकमध्ये अडकतो, म्हणून आधी टी-स्टॉप (मागचा पाय आडवा घासून थांबणं) आणि पाय फाकवून थांबणं पक्कं करा, त्याच्याशिवाय कोनला हातच लावू नका.

हेल्मेट, रिस्ट गार्ड, गुडघ्याचे पॅड. कोणी हसलं तरी घाला. पडताना माणूस हात पुढे करतो आणि मनगट जातं, आणि नोकरी-धंदा असलेल्या माणसाला दीड महिना प्लास्टर परवडत नाही.

खारी हवा, लाल धूळ आणि बेअरिंग

हे देशावरच्या माणसाला सांगून कळत नाही. जेटीवर किंवा किनाऱ्याच्या रस्त्यावर तासभर स्केट केलं आणि स्केट्स तशाच बॅगेत टाकल्या की आठवड्यात बेअरिंग खरखरायला लागतं. जांभ्याची लाल धूळ तर इतकी बारीक की झाकणाच्या कडेतून आत जाते. घरी आल्यावर चाकं कोरड्या फडक्याने पुसायची, आणि आठवड्यातून एकदा बेअरिंग काढून व्हाइट पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये धुवायची, पूर्ण वाळवायची, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. हे काम आगीपासून लांब, पडवीत किंवा बाहेर उघड्यावर करा. खोबरेल तेल घालू नका, घरात असतं म्हणून हात जातो पण ते चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. गंज सोडवायचा स्प्रे मारून काम संपत नाही, तो उडून जातो, नंतर तेल लागतंच. अॅक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, आट्यांना किंचित ग्रीस लावलं तर खाऱ्या हवेत ते जाम होत नाहीत, आणि अॅलन की कायम बॅगेत.

पावसाळ्यात बुटाच्या आतला लायनर काढून, वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा. नाही ठेवला तर बुरशी धरते आणि तो वास जन्मात जात नाही. चुलीजवळ किंवा हिटरजवळ ठेवू नका, आकार बदलतो.

जागा शोधणं

गणित आधी मांडा. ८० च्या अंतराने २० कोन म्हणजे मध्ये १९ गाळे, १५.२ मीटर. स्पीडसाठी आधी १२ मीटर आणि नंतर थांबायला किमान आठ-दहा, म्हणजे पूर्ण सराव करायचा तर ३५ मीटरच्या वर लांबी हवी. पण रोज पूर्ण रन कशाला हवाय? १० कोनला ७.२ मीटर पुरतात, तेवढं खळं पुष्कळ घरांपुढे असतं आणि आता बहुतेक ठिकाणी शेण जाऊन कोबा आलेला आहे. ५० ची पूर्ण रेषा साडेनऊ मीटरची, ती तर बॅडमिंटन कोर्टच्या लांबीत आरामात बसते.

खळ्याची अडचण एकच, पाणी निघून जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही पण पायाला कळतो. तांब्याभर पाणी ओता, कुठे वाहतं बघा, आणि शक्यतो उताराला आडवी रेषा मांडा. खालच्या दिशेने सराव केलात तर वेग फुकट मिळतो आणि स्पर्धेच्या सपाट फ्लोअरवर तो कुठून आणणार. चिऱ्याची फरसबंदी, पेव्हर ब्लॉक, खडबडीत डांबर, यांच्या नादी लागू नका, फटीत चाक अडकून माणूस तोंडावर जातो.

पावसाळा म्हणजे जवळजवळ चार महिने बाहेरचं सगळं बंद, आणि राज्याची निवड नि राष्ट्रीय स्पर्धा बहुधा वर्षाच्या शेवटाकडे असतात, म्हणजे तयारीचा खरा काळ नेमका पावसात येतो. यावर माझा उपाय मंगल कार्यालय. चातुर्मासात लग्नं नसतात, हॉल रिकामे पडलेले असतात, मालकाला जाऊन भेटा, आठवड्यात दोन सकाळी तासतास मागा. फरशी खराब होईल ही त्यांची भीती रास्त आहे, म्हणून त्यांच्यासमोरच चाक एका कोपऱ्यात घासून दाखवा की डाग पडत नाही, आणि जाताना हॉल स्वतः पुसून द्या. शाळेचा हॉल, बॅडमिंटन हॉल यांनाही हेच. दमट हवेत लादीवर पाण्याचा बारीक थर येतो, दिसत नाही पण सपकन पाय जातो, त्यामुळे सुरू करायच्या आधी कोरडं पोतेरं फिरवायचंच.

दसऱ्यानंतर बाहेर या. सकाळी लवकर, कारण दुपारचा समुद्रावरचा वारा सुटला की हलके कोन उडतात, अर्धा वेळ ते गोळा करण्यात जातो. जागेवर खुणा करायला टेप रोज काढायची गरज नाही, सुतळीला ८० सेंटिमीटरवर गाठी मारून ठेवा, ताणा, खडूने टिंब करा, झालं. टिंब महत्त्वाचे, कारण स्पर्धेत कोन हलून त्याखालची खूण पूर्ण उघडी पडली की तो पाडलेलाच धरतात.

सराव कोणत्या क्रमाने

फिश म्हणजे दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून कोनमधून नागमोडी जाणं. स्नेक म्हणजे तेच पण पाय एकामागे एक, एकाच रेषेत. क्रिसक्रॉस म्हणजे एका कोनला पाय दोन्ही बाजूंनी उघडायचे, पुढच्याला क्रॉस करायचे. हे तीन पुढे आणि मग मागे. मागे जाताना मान पूर्ण वळवून बघायची सवय सुरुवातीलाच लावा, काखेतून चोरून बघायचं नाही.

वन फूट स्नेकमधूनच येतो. स्नेक करताना हळूहळू सगळं वजन पुढच्या पायावर घ्या, मागचा पाय नुसता टेकलेला, मग शेवटच्या दोन कोनला उचला, मग चार, मग सहा. पहिल्या कोनलाच पाय उचलायचा हट्ट केलात तर खांदे वाकडे होतात आणि तीच सवय लागते. गुडघा वाकलेला, छाती समोर, कंबरेखालचा भाग वळतोय आणि खांदे स्थिर, नजर तीन-चार कोन पुढे. पायाखालच्या कोनकडे बघितलं की तो पडलाच म्हणून समजा. वेग पंपिंगमधून येतो, प्रत्येक वळणाला गुडघा दाबून सोडायचा, आणि हे जमलं की शेवटच्या कोनला वेग सुरुवातीपेक्षा कमी झालेला नसतो, तीच खूण की तंत्र बसलं.

वीस कोन स्वच्छ जमायच्या आधी स्टॉपवॉच लावू नका. आधी पाच रनपैकी चार रन एकही कोन न पाडता, मग १२ मीटरचा स्टार्ट जोडा, मग वेळ. आणि मग हिशोब करायला शिका: एक कोन पडला तर ०.२ गेले, पण तो वाचवायला म्हणून तुम्ही आखडून अर्धा सेकंद हळू गेलात तर तोटाच. उलट चार कोनवर आणखी एक पडला तर सगळंच गेलं. स्वतःचा रोजचा सरासरी आकडा माहीत असेल तर स्पर्धेत किती जोर लावायचा हे डोक्यात स्पष्ट असतं. दुसऱ्या पायावरही करत राहा, स्पर्धेसाठी नाही तर कंबर नि गुडघ्यासाठी, सगळा भार एकाच बाजूला पडणं बरं नाही.

आठवड्यात तीन-चार दिवस, तासाच्या आसपास, मोठ्या माणसाला पुरे. लावणीच्या दिवसांत शेतात कंबर मोडेस्तोवर काम करत असाल तर त्या आठवड्यात फक्त स्ट्रेचिंग, शरीराला तेवढं कळतं. सुरुवातीला वाडीतली माणसं जमून बघतील, एखादी आजी "जपान रे बाबा", म्हणजे जपून, म्हणेल, हळूहळू तेच लोक पडलेले कोन उचलून ठेवायला लागतात आणि वेळ घ्यायलासुद्धा मदत करतात. एकट्याने स्पीडचा सराव अर्धवटच होतो, मोबाईल धरणारं कोणीतरी हवंच.

क्लासिकचा रन बसवायचा तर

ट्रिकचे ढोबळ पाच गट धरतात: बसून, उडी, फिरकी, एकाच चाकावर म्हणजे व्हीलिंग, आणि बाकीच्या. मोठे खेळाडू सगळ्या गटांतून घेतात. पहिल्या स्पर्धेला तुम्ही क्रिसक्रॉस, वन फूट, क्रेझी, सन, माब्रुक, एक्स, नेल्सन आणि यांतल्या दोन-चारांचे उलटे प्रकार (ही सगळी ट्रिकची नावं) एवढ्यावर उत्तम रन करू शकता. एखादी सोपी बसून करायची ट्रिक जमली तर सोनं, कारण रन वेगळा दिसतो. टो-व्हीलिंग (फक्त पुढच्या चाकावर जाणं) चार कोन जेमतेम जमतंय म्हणून रनमध्ये घुसवू नका. पडलेल्या कोनचे गुण जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे पुढचे दहा सेकंद माणूस हललेला असतो आणि संगीत पुढे निघून जातं.

संगीत आधी निवडा, मग ट्रिक. ठेका स्पष्ट हवा, आणि गाण्यात दोन-तीन ठिकाणी बदल असावा, तिथे रेषा बदलायची किंवा थांबून दिशा बदलायची. ढोल-ताशा किंवा आपल्या शिमग्याच्या वाजपातलं काही घेतलंत तर मला मनापासून आवडेल, ठेका पायात आधीच असतो आपल्या. मात्र गाणं आधीच कापून लांबी नियमात बसवा, फाइल पेनड्राइव्हवर आणि फोनमध्ये दोन्हीकडे ठेवा. अवघड काम पहिल्या मिनिटात, कारण दीड मिनिटानंतर मांड्या भरून येतात, शेवटी सोपं पण डौलदार. दोन ट्रिकच्या मधला जोड हीच सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे, जज तिथेच ओळखतात की रन बसवलाय की नुसत्या ट्रिक ओळीने लावल्यात. रोज एकदा पूर्ण रन संगीतासह, मध्ये कितीही चुकलं तरी न थांबता. थांबायची सवय लागली की स्पर्धेतही पाय थांबतो.

नोंदणी आणि प्रवास

रस्ता जिल्हा संघटना, मग राज्य, मग राष्ट्रीय असा आहे. आपल्या जिल्ह्यात संघटनेचं कोण बघतं हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. जन्माचा दाखला, आधार, फोटो आणि फेडरेशनची नोंदणी वेळेत करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर आणि माणसं दोन्ही भेटत नाहीत. वयोगट, गाण्याची लांबी, हेल्मेट सक्तीचं की नाही, हे त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचा, आणि आयोजकांना फोन करून दोन प्रश्न जरूर विचारा: फ्लोअर कसलं आहे आणि रेषा किती मांडणार आहात. छोट्या स्पर्धेत कधीकधी फक्त ८० ची रेषा असते, मग तुमचा ५० वरचा रन तिथे मांडणार कुठे.

मुंबईला स्पर्धा असेल तर कोकणकन्या किंवा तुतारीने रात्रभर बसून सकाळी थेट मैदानावर जाऊ नका, पाय सुजलेले असतात, बुटात जात नाहीत. आदल्या दिवशी पोहोचा, संध्याकाळी फ्लोअरवर अर्धा तास मिळाला तर फक्त फिश, स्नेक नि थांबणं, पकड कशी आहे तेवढं बघायला. स्केट्स सामानाच्या डब्यात नाही, जवळच ठेवा. चाकांचा एक जादा सेट, दोन-चार बेअरिंग, अॅक्सल, अॅलन की, मोज्यांचे दोन जोड, फडकं. देशावर थंडीत हवा कोरडी असते, चाक तिथे वेगळं पकडतं, हे धरून चला.

रनच्या आधी वीस मिनिटं अंग गरम करा आणि पंधरा मिनिटं आधी काही खाऊ नका, केळं-चिक्की तासभर आधीच. स्टार्टला उभे राहिलात की पहिल्या कोनकडे नाही, चौथ्याकडे बघा. पहिला रन सावध, नोंद होईल असा, दुसरा जोरात, कारण क्वालिफाइंगमध्ये दोन रनमधली चांगली वेळ धरतात आणि पहिला बाद झाला तर दुसऱ्यात हात आखडतो.

संपल्यावर लगेच निघू नका. वेळ आणि पेनल्टीचा कागद लावतात त्याचा फोटो काढा, व्हिडिओत बघून कोणत्या नंबरचे कोन पडले ते लिहा. पहिल्या पाचात पडत असतील तर स्टार्टचा वेग सांभाळता येत नाहीये, शेवटच्या पाचात पडत असतील तर पाय दमतोय, आणि दोन्हीचा सराव वेगळा आहे: पहिल्यासाठी १२ मीटर नि पाचच कोन, दुसऱ्यासाठी वीसच्या पुढे आणखी आठ-दहा कोन मांडून हळू पण पूर्ण.